गोवालची सही

कंपनीच्या कागदांत त्या वस्तूला लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण पॅकहाऊसातल्या बायका तिला पाटी म्हणायच्या. म्हणण्यात चूक काहीच नव्हती. शाळेतल्या दगडी पाटीहून थोडी मोठी, रंगानं राखाडी, वजनाला पापडासारखी. पडद्याला काच नाही, आतून उजेड नाही. भर दुपारी केळीच्या बांधावर मोबाईल काळा ठिक्कर पडतो, तिथं ही छापील कागदासारखी वाचता यायची. परदेशी गिऱ्हाइकांच्या अटी, शेतकऱ्यांचे करार, कुठल्या बागेत कधी कुठलं औषध फवारलं, सगळं तिच्या पोटात. सोबत काळं पेन. पेननं लिहावं तसं पडद्यावर उमटायचं, अगदी वहीसारखं.

पुण्याच्या मोठ्या साहेबांकडं असते तशीच हेमांगीला मिळाली होती. शहादा-प्रकाशा रस्त्यावरच्या त्या पॅकहाऊसची ती अधिकारी. गाव तापीकाठचं, सासर-माहेर दोन्ही केळी-कापसातलं. नवरा अंकलेश्वरला नोकरीला. घरात सासरे चुनीलाल, ज्यांना सगळं गाव बापू म्हणे, आणि धाकटा दीर मिथुन.

जानेवारीत एकदा असं झालं की पाटी चार्ज करायची राहून गेली. सकाळी बघते तर पान समोर स्वच्छ दिसतंय, पण बोट लावलं तरी हलत नाही, पेन टेकवलं तरी उमटत नाही. बिघडली समजून तिनं घाबरून पुण्याला फोन लावला. पलीकडचा मुलगा हसला. म्हणाला, "मॅडम, हिला पान दाखवायला वीज लागत नाही. पान बदलायला लागते. मेली तरी शेवटचं पान तोंडावर घेऊनच मरते ती."

हेमांगीला ते बोलणं अशुभ वाटलं होतं. त्या दिवशी तिनं पाटीच्या पाठीवर कुंकवाचं बोट लावलं. ते अजून पुसट दिसायचं.

बाग कापून झाली की कापणीच्या टोळीचा मुकादम पाटीवर सही करी. मुकादम म्हणजे गोवाल. सातपुड्यातला, काठी गावाच्या पलीकडच्या पाड्यावरचा. आश्रमशाळेत चौथीपर्यंत गेलेला. सही करताना जिभेचं टोक बाहेर यायचं आणि शेवटच्या 'ल'ची शेपटी पार पानाच्या कडेपर्यंत ओढायचा.

"एवढी शेपटी कशाला रे?" हेमांगी विचारी.

"कागद मोठा दिला ताई, मग सही बारकी कशी करू?"

त्याची बायको रूपलीबाई पॅकहाऊसातच कामाला होती. केळीच्या घडाच्या दांड्यापासून फण्या सोडवायचं काम. वाकडं पातं घेऊन एका झटक्यात फणी मोकळी करायची, फळाला ओरखडा उठता कामा नये. चौदा बायकांत तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. नवऱ्याचं बोलणं कानावर आलं की ती मान खाली घालून हसायची.

कापणी आणि भरणीचा ठेका मिथुनकडं होता. मिथुनचं असं की हात आधी, तोंड मागून. मागच्या वर्षी एका ड्रायव्हरच्या जबड्यावर त्यानं जॅकचा दांडा घातला होता. बापूंनी चार मोठी माणसं बसवली, चहा पाजला, आणि मिटवलं. त्या घरात सगळं मिटायचं. हेमांगीनं तेव्हा तो चहा स्वतः गाळला होता.

होळीला तीन दिवस होते. काठीची होळी म्हणजे डोंगरातल्या माणसाला काय, ते सपाटीवरल्यानं नुसतं ऐकून कळत नाही. त्यातून गोवालनं यंदा नवस घेतलेला. आठ दिवस तो अनवाणी होता, जमिनीवर निजत होता, एक वेळ जेवत होता, ते पण स्वतःच्या हातचं. बाईचा स्पर्श चालत नव्हता. रूपलीबाई त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या खाली ठेवायची, चार पावलं मागं व्हायची, मग तो उचलायचा.

सकाळी सात वाजता बागेत शेवटची कापणी होती. दुपारी कंटेनर निघायचा. हेमांगी पाटी घेऊन पोचली तेव्हा आठ वाजले होते. स्कूटर बांधाला लावली आणि आतून आवाज आला. ओलं कापड दगडावर आपटावं तसा.

केळीच्या ओळींमधून ती धावली. पानं तोंडावर फटाफट लागत होती. मोकळ्या जागेत मिथुन उभा होता, हातात झाडाला टेकू द्यायचा बांबू. गोवाल गुडघ्यांवर होता. टोळीतली सात-आठ माणसं लांब उभी होती, दगडासारखी.

"कंटेनर भराशिवाय कोठे जास रे? बोल ना!"

"शेठ, मन्हा नवस शे..." गोवालच्या तोंडातून रक्ताबरोबर शब्द येत होते. "परवा पोहचनं शे. होळी करीसन माघारी येसू. सगळं भरी देसू."

"तुन्ही होळी अठेच पेटाडसू!"

बांबू खाली आला. गोवालनं हात वर केला होता, तो कोपरात मोडला. दुसरा फटका बरगड्यांवर बसला. हेमांगी ओरडली, "मिथुनभाऊ! मिथुनभाऊ!" तिसरा डोक्यावर. बांबू उभा फाटला, तरी मिथुन फाटक्या बांबूनं मारतच राहिला. हेमांगीनं त्याच्या दंडाला मिठी मारली तेव्हा त्यानं तिला झटकलं आणि ती चिखलात पडली. मग दम लागला म्हणून तो थांबला. राग उतरला म्हणून नाही.

त्यानं बांबू फेकला, कपाळावरचा घाम शर्टाच्या बाहीनं टिपला आणि टोळीकडं बघून म्हणाला, "ट्रॅक्टर मांगे लेता सापडना तो. समजनं का? ट्रॅक्टर." आणि ट्रॅक्टर आणायला गेला. खरंच गेला.

रूपलीबाई नवऱ्यासाठी पाणी घेऊन पॅकहाऊसवरून निघाली होती, ती तेवढ्यात पोचली. तांब्या हातातून पडला. ती धावत आली, आणि ती हातभर अंतरावर असताना गोवालचा धड राहिलेला हात जमिनीवरून उठला. तळवा तिच्याकडं. थांब.

ती थांबली. जिथं होती तिथंच खाली बसली, दोन्ही मुठींत माती धरून.

हेमांगी जवळ सरकली. हात लावायचा नाही हे तिलाही ठाऊक होतं. मोबाईलवर रेंजची एक काडी नव्हती, त्या बागेत कधीच नसे.

"ताई," गोवाल म्हणाला, "लिही."

तिनं पाटी मांडीवर घेतली. सवयीनं नव्या पानावर आधी श्री लिहिलं आणि थबकली. खोडलं नाही. तारीख घातली, वेळ घातली. त्यानं सांगितलं तसं लिहीत गेली. श्वासाश्वासाला थांबून चारच ओळी झाल्या. मला मिथुन शेठनं बांबूनं मारलं. मी होळीला जायला निघालो म्हणून. ट्रॅक्टर नव्हता. माझ्या माणसांनी पाहिलं, ताईनं पाहिलं.

"सही," तो म्हणाला.

तिनं पाटी चिखलात त्याच्यापुढं ठेवली, पेन तिच्यावर ठेवलं आणि हात मागं घेतला. त्यानं पेन उचललं. जिभेचं टोक बाहेर आलं, ते रक्तानं लाल होतं. गो. वा. मग ल. 'ल'ची शेपटी ओढता ओढता हात तसाच घसरत गेला, पानाच्या कडेपर्यंत, कडेवरून खाली मातीत. तिथं थांबला.

रूपलीबाई ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, "गेला?"

टोळीतला म्हातारा पुढं आला आणि गोवालच्या डोळ्यांवरून हात फिरवला. मग तिच्याकडं न बघता बोलला. "तू जा बाई. बाईमाणसाला त्याच्याजवळ बसायला नाही. ते पान घेऊन जा. आम्ही इथून हलत नाही, ट्रॅक्टर आला तरी नाही."

हेमांगीनं स्कूटर काढली. मागं रूपलीबाई, पाटी पोटाशी दोन्ही हातांनी धरलेली. डांबरी रस्त्याला लागल्यावर मोबाईलला बोलण्यापुरता जीव आला. हेमांगीनं पोलिसांना फोन केला. येतो म्हणाले, अर्धा-पाऊण तास. पण पान अजून एकाच ठिकाणी होतं. पॅकहाऊसातलं इंटरनेट लागलं की पाटीतलं सगळं आपोआप पुण्याला जाई. एकदा तिथं पोचलं की मिथुनचा बापही ते मिटवू शकत नव्हता.

मिथुनचा बाप पॅकहाऊसच्या दारातच बसला होता, रोजच्यासारखा, खुर्ची टाकून, बशीत चहा ओतून. हेमांगीच्या अंगावरचा चिखल बघून बशी हातातच राहिली.

आत लाईट गेलेली. भारनियमन. राऊटर काळा. "जनरेटर लावा कुणी!" हेमांगी ओरडली. एक बाई उठली, आणि तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली.

ट्रॅक्टर घेऊन बागेत गेल्यावर पानाचं त्याच्या कानावर आलं असावं, कारण मिथुन आत आला तो सरळ जनरेटरकडं. वायर हाताला गुंडाळून त्यानं एकाच हिसक्यात मुळापासून उपटली. मग वळून म्हणाला, "बापू, शटर."

चुनीलाल उठले. क्षणभर सुनेकडं बघितलं, क्षणभर मुलाकडं. आणि शटर खाली ओढलं. वरच्या पत्र्यातल्या पारदर्शक पट्ट्यांतून तेवढा उजेड येत राहिला.

"बाया हो, आपलं काम करा. मान वर करशात त् याद राखा," मिथुन म्हणाला.

रूपलीबाई सोडून तेरा बायका होत्या. केळी धुवायच्या लांब हौदाच्या कडेला ओळीनं उभ्या, हातात वाकडी पाती. कुणी मान वर केली नाही. हौदातल्या तुरटीच्या पाण्यात फण्या तरंगत होत्या.

"काय लिहिलं वहिनी? दखाड."

"जे झालं ते."

पहिली थप्पड अशी बसली की तिच्या कानात शिटी वाजायला लागली. मंगळसूत्राच्या वाट्या गळ्यात रुतल्या. तिला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं. त्यानं केस धरले आणि कपाळ हौदाच्या सिमेंटच्या कडेवर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा. डोळ्यांत रक्त उतरलं.

"हेमांगी, बेटा, दी टाक," चुनीलाल शटरपाशी उभे राहून म्हणाले. "घरनी गोष्ट घरमा ऱ्हाऊ दे."

"माणूस मेला, बापू."

"माहीत शे. मेला तो माघारी येवाव नही. मन्हा पोऱ्या जित्ता शे."

मिथुनला पाटी दिसली. रूपलीबाईच्या पोटाशी. त्यानं तिच्या पोटात लाथ घातली आणि ती वाकली तशी पाटी ओढून घेतली. हेमांगी त्याच्या पायाला बिलगली, तर त्यानं दुसरा पाय उचलला, खाली बघितलं आणि तिच्या उजव्या हातावर, बोटांवर, बुटाची टाच दिली. टाच फिरवली. तिला आपल्याच हाडांचा आवाज ऐकू आला, ओली काटकी मोडावी तसा. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिचाच आहे हे तिला कळायला वेळ लागला.

"आते लिख!" तो म्हणाला. "लिख आते!"

मग त्यानं पाटी तोंडासमोर धरली. चार ओळी आणि सही. ओठ हलवत वाचलं. चेहरा पांढरा पडला.

"हाई मिटाड."

"माझ्याच्यानं नाही होणार."

"मिटाड सांगस ना!" तो स्वतःच पडद्यावर बोटं मारू लागला. चिखलाची, रक्ताची बोटं. पान लहान झालं, मोठं झालं, कडेला एक पट्टी उघडली, तिच्यात बारीक बारीक खुणा. सगळ्यांत खाली कचऱ्याच्या डब्याची खूण होती. त्याचं बोट तिच्यापासून दोन अंगुळं वर होतं. मग एक अंगुळ. हेमांगी जमिनीवर पडल्या पडल्या ते बोट बघत होती. तिथं टेकलं की झालं. गोवाल ट्रॅक्टरखाली सापडला. बापू चहा पाजतील, आणि चहा कोण गाळणार तेही तिला ठाऊक होतं.

त्या घरात आल्यापासून ती खोटं बोलली नव्हती. गप्प राहिली होती, ते वेगळं.

"मिथुनभाऊ," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, मऊ. "तसं नाही पुसत ते. पाण्यात घाला. पाटीच ना ती शेवटी."

त्यानं तिच्याकडं बघितलं. वर्षभर तो तिला चिडवत आला होता, वहिनी पाटी घेऊन शाळेत चालली म्हणून. त्याचा मोबाईल एकदा पाटाच्या पाण्यात पडला होता, तेव्हा आतलं होतं नव्हतं ते सगळं गेलं होतं. दोन्ही गोष्टी त्याच्या डोक्यात एकत्र जुळल्या असाव्यात. कडेची पट्टी तोवर आपोआप मिटली होती. त्यानं पाटी हौदात बुडवली. कोपरापर्यंत हात पाण्यात घालून, तळाशी दाबून धरली, जसं कुणा जिवंताला धरावं. पाण्यावर बुडबुडे आले. बराच वेळ आले. मग थांबले.

त्यानं पाटी बाहेर काढली. निथळत होती.

चार ओळी आणि सही.

त्यानं तळव्यानं पुसलं. शर्टानं पुसलं. बोट मारलं, तर आता पट्टी उघडेना, पान हलेना, काहीच होईना. क्रेट घासायचा काथ्याचा ब्रश उचलून तो घासू लागला. घासता घासता तोंडाला फेस आला. "जाय ना! जाय ना व्हय!" एका बाईच्या हातातलं पातं हिसकावून त्यानं पडदा खरवडला. वर ओरखडे उठले, अक्षरं त्यांच्या खाली तशीच. पातं 'ल'च्या शेपटीवरून गेलं आणि पुन्हा गेलं. शेपटी होती तिथंच होती.

आणि मग त्याला कळलं. तो सावकाश वळला.

"खोटं बोलनी तू."

"हो," हेमांगी म्हणाली. "आता तिला कुणीच पुसू शकत नाही. मारलीत तुम्ही तिला."

त्यानं पाटी फेकली, हेमांगीच्या केसांत हात घालून तिची मान मागं ओढली आणि पातं वर उचललं. गळ्याची शीर उडताना तिला स्वतःला जाणवत होती. शटरपाशी चुनीलाल "मिथुन!" म्हणाले, पण ते नुसतं नाव होतं, त्यात अडवणं नव्हतं.

रूपलीबाई कधी उठली ते कुणी पाहिलं नाही. पोट धरून ती ओळीतल्या आपल्या जागेवर गेली होती, आपलं पातं घेतलं होतं. तिनं आरडाओरडा केला नाही, पळत आली नाही. रोज दांड्यापाशी जाते तशी मिथुनच्या बाजूला आली आणि वर उचललेल्या मनगटावर, जिथं हाड सांध्यात बसतं तिथं, एकच झटका दिला.

पातं खाली पडलं. हात पडला नाही, कातड्यानं आणि एका बाजूच्या हाडानं लोंबत राहिला. मिथुन त्याच्याकडं असा बघत होता जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग रक्त आलं, आणि त्याच्या तोंडून किंकाळीही फुटली. तो हौदावर कोसळला. तुरटीचं पाणी लाल व्हायला लागलं, पिवळ्या-हिरव्या फण्यांच्या मधून लाल.

आता सगळ्या बायकांच्या माना वर होत्या. चौदा बायका, तेरा पाती. कुणी पुढं आली नाही, कुणी मागं सरली नाही.

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. कुणीतरी शटरवर काठी वाजवली.

मिथुन हौदाच्या कडेला लोळत होता. "बापू, खोलू नका," तो म्हणत होता. "बापू, खोलू नका." चुनीलालनी डोक्यावरची टोपी काढली, ती मुलाच्या मनगटावर घट्ट बांधली. दोन्ही हात रक्तानं भरले. त्याच हातांनी त्यांनी शटर वर केलं. पत्र्यावर पाच-पाच बोटांचे ठसे राहिले.

मिथुनला जीपमधून दवाखान्यात नेलं. हेमांगीच्या बोटांना एका बाईनं आपल्या पदराची पट्टी बांधली. फौजदारानं खाली पडलेली पाटी उचलली, पुसली, कडेचं बटण दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं.

"हे चालू होत नाहीये, मॅडम."

"होणार नाही. तुम्ही वाचा, साहेब."

त्यानं मोठ्यानं वाचलं. चार ओळी होत्या. सहीपर्यंत आल्यावर त्याचा आवाज खाली आला. चुनीलाल खुर्चीवर बसून ऐकत होते. फौजदारानं विचारलं, "बापू, हे खरं?" त्यांनी रक्तानं भरलेल्या आपल्या हातांकडं बघितलं. मग ते म्हणाले, "सूननं लिखेल शे. खरंच व्हई."

"आणि याचा हात कुणी कापला?"

"मी," रूपलीबाई म्हणाली आणि पातं त्याच्यापुढं टेबलावर ठेवलं.

हेमांगी पुढं झाली. "तो माझा गळा कापत होता. आधी ते लिहा. मग तिचं लिहा."

फौजदारानं दोघींकडं बघितलं आणि वही उघडली. शिपाई प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. पाटी आत सरकवणार, एवढ्यात रूपलीबाईनं हात पुढं केला. पण लावला नाही. हेमांगीकडं वळली.

"ताई, आता लावला तर चालेल?"

नवस होळीपर्यंतचा होता. होळीला तीन दिवस होते. हेमांगीला यातलं काय माहीत असणार? तरी तिनं होकाराची मान हलवली.

रूपलीबाईनं हात पदराला पुसला. दोनदा पुसला. मग बोट 'ल'वर ठेवलं आणि त्या शेपटीवरून, पात्याच्या ओरखड्यांवरून, हळूहळू पार पानाच्या कडेपर्यंत नेलं.